ज्या वाटेनं गाव जात नव्हतं

संत्र्याच्या बागेतून जाणारी एखादी पायवाट गवतानं भरलेली दिसली की मी अजूनही थांबतो. नोकरीतली बरीच प्रकरणं विसरलो, हे विसरलो नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, पण लिहिण्याची सवय लागली ती पंचनाम्यांचीच. त्यामुळे हे कितपत नीट सांगता येईल, शंका आहे. घडलं तसं सांगतो. नावं कुणाचीच देत नाही.

मी तेव्हा मध्य प्रदेशात, सौंसर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. पांढुर्णा जिल्हा व्हायचा होता. आमच्याकडे कागद सगळे हिंदीत आणि बोलणं सगळं मराठीत. गावोगावचे कोटवार, म्हणजे सरकारी राखणदार, ठरलेल्या वारी ठाण्यात येऊन गावची खबर देत. त्या दिवशी एक कोटवार वार नसताना सकाळीच आला. गावाबाहेरच्या नाल्यात एक माणूस मरून पडला होता. बाजूला दारूची बाटली होती. रात्री पिऊन तोल गेला असेल, असं गाव म्हणत होतं.

मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, कायम करून मी दोन शिपायांसह निघालो. मेलेला माणूस संत्र्याच्या तोडणीवर जाणारा मजूर होता. पंचनामा सुरू असताना गावकरी एकसुरात बोलत होते, जणू आधीच ठरवून आले असावेत. सह्या झाल्या. लोक पांगले. कोटवार मात्र जीपपाशी घुटमळत राहिला आणि मान दुसरीकडे करून हळूच म्हणाला, "साहेब, त्याच्या पायात चप्पल एकच हाय. तेवढं लिहून ठेवजा." एवढं बोलून निघून गेला. त्याला काही सांगायचं होतं आणि त्याला त्याच गावात राहायचंही होतं. खबर देणारे बहुतेक असेच असतात. ते उत्तर देत नाहीत, कुठं पाहायचं तेवढं दाखवतात.

नाल्यात दुसरी चप्पल मिळाली नाही. शवविच्छेदनात पोटात दारू निघाली नाही. डाव्या पोटरीवर काळा डाग होता. डॉक्टर म्हणाले, हा करंटचा डाग आहे.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको ठाण्यात आली. ती संत्र्यांच्या छाटणीवर, म्हणजे फळं निवडायच्या कामाला जायची. घरात एक लहान मुलगी. हे कुटुंब काही वर्षांपूर्वी येशूच्या प्रार्थनेला जाऊ लागलं होतं. नवरा आधी फार प्यायचा. तालुक्याच्या गावी टिनाच्या एका खोलीत चार-पाच मजूर कुटुंबं जमत, त्यांनी याला आळीपाळीनं सोबत करून दारू सोडवली होती. मी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही. तिनं सांगितलं, गावातले लोक येऊन गेले. म्हणाले, तुम्ही तर माफीवाले लोक, मग ठाण्यात कशाला जाता?

"मी त्यायले म्हटलं, माफ करीन," ती म्हणाली. "पण कोणाले करू? नाव तर मालूम पाह्यजे ना साहेब. आन् ते पेत नव्हते. मह्या पोरीले सगळे म्हणून राहिले का तुहा बाप पिऊन मेला. ते खोटं हाय."

तक्रार घेऊन येणारा माणूस शिक्षा मागतो, हा माझा अनुभव. माफ करायचं आहे म्हणून गुन्हेगाराचं नाव शोधून द्या, असं सांगणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. खरं सांगायचं तर त्या वेळी मला ते पूर्ण समजलंही नाही.

करंटचा डाग म्हणजे तार. आमच्या भागात रानडुकरं रात्रीत बागा आणि पिकं उकरून ठेवतात. म्हणून काही जण बागेभोवती उघडी तार ओढून तिच्यात वीज सोडतात. बेकायदा आहे, सगळ्यांना ठाऊक आहे, तरी करतात. मी चार-पाच दिवस गावात घरोघर जबाब घेतले. तार? कुणी पाहिली नव्हती. कुणी ऐकली नव्हती. कुणी लावतच नव्हतं.

मग मी त्या बाईला विचारलं, नवरा तोडणीच्या गाडीसाठी सडकेवर कोणत्या वाटेनं जायचा? तिनं एका बागेतली पायवाट दाखवली. गावापासून सडकेपर्यंतची तीच जवळची वाट. सगळं गाव तिथूनच जायचं. आम्ही त्या वाटेनं निघालो. दहा पावलं गेलो नसू, पुढच्या शिपायाच्या तोंडाला कोळ्याचं जाळं लागलं. त्यानं शिवी दिली आणि तोंड पुसलं. थोडं पुढं पुन्हा जाळं. पायाखालचं गवत पुन्हा उभं राहिलं होतं.

मी तिथंच थांबलो. भर तोडणीच्या दिवसांत गावाच्या वाटेवर कोळी जाळं विणतो, म्हणजे तिथून कुणी जात नाही. सडकेवर जायला गाव लांबून वळसा घालत होतं. माणूस नाल्यात मेला असेल तर बागेतल्या वाटेला गाव का भ्यावं? तार कुणी पाहिली नाही म्हणणारं गाव तारेला चुकवून चालत होतं.

पुढं वाटेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या उपटल्याची ताजी भोकं दिसली. थोडं गवत जळलेलं होतं. एका संत्र्याच्या झाडाच्या बुडाशी दुसरी चप्पल सापडली.

बागेचा मालक चाळिशीचा शेतकरी होता. घरात म्हातारी आई, तिला डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. चौकशीत कळलं की तो आणि मेलेला माणूस लहानपणापासूनचे सोबती. मारुतीच्या देवळात भजनाला मेलेला ढोलक वाजवायचा, हा टाळ. ढोलकवाला प्रार्थनेला जाऊ लागला, ढोलक सुटली, तसं दोघांचं बोलणंही सुटलं. भांडण काही झालं नव्हतं.

मी त्याला ठाण्यात बोलावलं. तारेबद्दल एक प्रश्न विचारला नाही. चहा मागवला, बहार कसा आहे विचारलं. मग म्हटलं, गावाची वाट बंद केलीस, हे बरं नाही केलं.

तो चिडला. गावाची वाट बंद करणारा माणूस अशी बदनामी त्याला सहन झाली नाही. "मी काहून बंद करू साहेब? उजाडल्याशिवाय जाऊ नका, एवढंच सांगतलं होतं सगळ्याले."

"सगळ्याले?"

कपातला चहा तसाच राहिला. मी थांबलो. चौकशीत प्रश्नांपेक्षा थांबणं जास्त कामी येतं.

"शनिवारी पारावर सांगतलं," तो शेवटी म्हणाला. "आरती झाल्यावर. जे होते त्यायले."

"आन् तो?"

"तो येतच नव्हता आता."

पुढचं त्यानं स्वतःच सांगितलं. गावाची रीतच तशी होती. कुणी तार लावली की शनिवारच्या आरतीनंतर मारुतीच्या पारावर सांगायचं, ऐकणाऱ्यानं घरी सांगायचं. मेलेल्याचं घर गावात शेवटचं, आणि तो पाराकडे येत नव्हता. प्रत्येकाला वाटलं, दुसरा कुणी सांगेल. त्या दिवशी गाडी लवकर येणार म्हणून तो उजाडायच्या आत निघाला. मालक वीज बंद करायला गेला तेव्हा सोबती वाटेवर पडलेला होता. भीतीनं त्यानं त्याला नाल्यात नेऊन टाकलं. लोकांना पटावं म्हणून बाटली ठेवली. गावानं ओळखलं आणि तोंड बंद ठेवलं. सगळ्यांनाच तार माहीत होती, त्यामुळे बोलणार कोण?

सदोष मनुष्यवध, पुरावा नष्ट करणं आणि वीजचोरी या कलमांखाली अटक झाली. त्या बाईला पुरवणी जबाबासाठी बोलावलं तेव्हा तो बाकावर बसलेला होता. मी शिपायाला जवळ उभं केलं. अशा वेळी लोक अंगावर धावून जातात.

ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"भाऊ," ती म्हणाली, "तारेचं मी माफ केलं. तुले मालूम नव्हतं ते तिकून येतीन म्हणून. पण बाटली तू आपल्या हातानं ठेवली. त्याले मले येळ लागन. करीन, पण येळ लागन. रोज प्रार्थनेत म्हणून राहिलो का आम्ही माफ करतो. माफ करासारखं एवढं मोठं आजवर काही आलंच नव्हतं."

तो रडत होता. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज साधाच होता.

"एक कर. तारेचं जिथं सांगतलं, तिथंच सांग का ते पेलेले नव्हते."

जामिनावर सुटल्यावर पहिल्याच शनिवारी तो आरतीनंतर पारावर उभा राहिला आणि सगळ्यांसमोर ते बोलला. ही खबर कोटवारानं आणली, या वेळी ठरलेल्या वारी. मग एकेक करून लोक शेवटच्या घराकडे गेले, असं तो म्हणाला.

अशा गुन्ह्यात दोन्ही पक्षांचा समझोता चालत नाही. खटला उभा राहिला. बचावाच्या वकिलांना वाटलं, माफ करणारी बाई आहे, साक्ष फिरवेल. त्यांनी विचारलं, तुम्ही आरोपीला माफ केलं ना? "केलं," ती म्हणाली. "म्हणून खोटं बोलू काय?" तिनं अक्षर न अक्षर खरं सांगितलं, आणि शेवटी न्यायाधीश साहेबांना हात जोडून त्याला कमी शिक्षा द्या म्हणाली. त्याला शिक्षा झाली. तो आत असताना प्रार्थनेला जमणारी ती मजूर कुटुंबं आपलं काम संपवून पाळीनं त्याच्या बागेत ओलित करत. म्हातारीची भाकर शेवटच्या घरातून जात होती. बाटलीचं माफ झालं ते बहुधा त्या भाकरी नेता-नेता.

मी ख्रिस्ती नाही. अजूनही शनिवारी जमेल तेव्हा जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जातो. पण माफी म्हणजे प्रकरण मिटवणं नव्हे, हे मला त्या बाईनं शिकवलं. तिला आधी पूर्ण सत्य हवं होतं. दुसरी गोष्ट मी अजून नीट मांडू शकत नाही. त्या गावात कुणीच कुणाचा वैरी नव्हता. एका माणसाला सांगायचं राहून गेलं, आणि तेवढ्यानं तो मेला.

निवृत्तीनंतर एकदा जामसांवलीहून परतताना मी त्या गावात वळलो. पायवाट पायांनी घासून पांढरी झाली होती. शिक्षा भोगून आलेल्या मालकानं बागेला सोलरची झटका मशीन लावली होती. तिच्यानं डुक्कर पळतं, माणूस मरत नाही. मी त्या बाईच्या अंगणात चहा घेत बसलो होतो तेव्हा तो फाटकाशी आला. मला पाहून बिचकला, मग नमस्कार केला.

"वैनी, मशीन सुरू करून राहिलो," तो म्हणाला.

"रोज सांगायले येते हा," ती मला म्हणाली. मग त्याला म्हणाली, "बरं. बस, चहा घे."

तो बसला नाही. आधी इथं सांगून मग पाराकडे जायचं, अशी आता त्याची रीत होती.