आई पाहुणी म्हणून गेली

चिखलीच्या आमच्या वस्तीत माणसं बघायला माणसं येतात, हे सांगितलं की कंपनीतल्या मैत्रिणींना गंमत वाटते. मला किळस येते.

एक संस्था आमच्याकडे आली होती. वस्ती आणि सोसायट्या यांच्यातली दरी मिटवायची, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे सोसायटीवाल्यांनी तिकीट काढून वस्ती फिरायची, एखाद्या घरी जेवायचं, की मिटली दरी! आईच्या हाताला चव आहे, म्हणून आमचं घर निवडलं. आम्ही मूळचे लातूरकडचे, त्यामुळे घरी पाहुणे येणार म्हटल्यावर आई हरखलीच. संस्थेच्या बाईंनी मात्र आधीच बजावलं, फ्रिजवर चादर टाका आणि भाकरी चुलीवर करा. आमच्याकडे गॅस येऊन किती वर्षं झाली! शेवटी आईने विटा मांडून चूल केली आणि पत्र्याच्या खोलीत धूर कोंडून घेतला.

पाहुणे बसने आले. त्यांचा टॉवर आमच्या नाल्यापलीकडेच आहे, दारात उभं राहिलं की त्यांच्या बाल्कनीतले वाळत घातलेले टॉवेल दिसतात. तरी बस! आमच्या निळ्या पिंपाचे त्यांनी फोटो काढले, जसा काही त्यांच्याकडे पाण्याचा टँकर येतच नाही. एकाने तर पडदा सारून मोरीत डोकावून पाहिलं. मी दात-ओठ खात ताटं वाढत होते.

त्यातली एक बाई आईला आवडली. ती चुलीपुढे फतकल मारून बसली, वाकडीतिकडी भाकरी थापली, आईला मावशी म्हणाली. निघताना आईने तिला हळदीकुंकू लावलं. तशी ती आईचे हात धरून म्हणाली, "मावशी, आता तुम्ही यायचं हं आमच्याकडे. समोरच बारावा मजला. नक्की!"

झालं. आमच्यात असं बोलावलं की जावं लागतं. नाही गेलं तर समोरच्याचा अपमान होतो. मी आईला परोपरीने समजावलं, की ही नुसती बोलायची पद्धत असते. आई ऐकेना.

"तोंडदेखलं बोलणारी न्हाई ती. माझ्या चुलीम्होरं बसून भाकर थापली तिनं."

गुरुवारी मला सुट्टी असते. त्या सकाळी आईने धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी कुटली, दोन्ही डब्यात भरलं आणि लग्नकार्यात नेसायची साडी नेसली. तिला एकटीला कशी सोडू, म्हणून मीही निघाले. रस्ताभर मला एकच धास्ती होती. कुणीतरी हिचा पाणउतारा करणार आणि मला तो बघावा लागणार.

गेटवरच्या वॉचमनने विचारलं, "मावशी, कुणाकडे काम?"

"काम न्हाई बाबा. पाहुणी हाय मी. बाराव्या मजल्यावरच्या बाई आमच्या वस्तीत जेवाय आलत्या, त्यांची."

त्याने वर फोन लावला. त्या बाईंचा आवाज आम्हाला स्वच्छ ऐकू येत होता.

"कोण? अच्छा, त्या ट्रिपवाल्या? अरे देवा, त्यांना आमचं घर कसं कळलं? वर नका पाठवू. काही मागायला आल्या असतील तर संस्थेशी बोला म्हणावं."

वॉचमन बिचारा खाली बघायला लागला. मला तो डबा त्यांच्या चकचकीत लॉबीत भिरकावून द्यावासा वाटला. आई पदर सावरत एवढंच म्हणाली, "कामात असतील." डबा तसाच घेऊन आम्ही परत आलो.

त्याच संध्याकाळी संस्थेच्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, पाहुण्यांच्या घरी असं जायचं नसतं, त्यांच्या प्रायव्हसीचा प्रश्न असतो. प्रायव्हसी! आमची मोरी बघून गेलेल्यांची प्रायव्हसी! माझ्या तोंडात शिवी आली होती, पण आईने फोन काढून घेतला.

"बाई, तुमी दुसरं घर बघा," ती म्हणाली. "माझ्या घरी पाहुणे येतेत, गिऱ्हाईक न्हाई."

मला वाटलं, जिंकली आई. फोन माझ्या हातात देऊन ती आत गेली, पडदा ओढला आणि नळ सोडला. नळाला त्या दिवशी पाणी नव्हतं. तिचं रडणं मला सगळं ऐकू आलं.