वीतभर पुढे

फुसाएबाईंना कोणी प्रेमळ म्हटलं असतं, तर त्यांनी त्याला खराट्यानेच हाकललं असतं. आमच्या बोळातल्या चाळीत, पहिल्या खोलीत, त्या तीस वर्षं किमोनो उसवून, धुऊन, पुन्हा शिवत होत्या. किमोनो पुढच्या रस्त्यावरच्या मोठ्या घरांतले. रस्त्यावर ते, मागे आम्ही.

क्योतोत झाडायचीही रीत आहे. रोज पहाटे आपल्या दारापुढे झाडायचं आणि शेजाऱ्याच्या हद्दीत वीतभर. तेवढंही न झाडणारा तुसडा. पण जास्त झाडलंत, तर 'तुमच्याच्याने घर सांभाळवत नाही' असं तोंडावर सांगितल्यासारखं होतं.

बोळाचं तोंड फुसाएबाई झाडत. त्याला लागून कुवाबारांचं घर. एकदा रस्त्यावरच्या आणि बोळातल्या सगळ्यांच्या बैठकीत कुवाबारा बाईसाहेबांनी जाहीर केलं, "बोळाचं तोंड आमचं. आमची मोलकरीण झाडते ते. तिथे दार लावून कुलूप घालणार. मागच्यांनी गटाराकडून यावं-जावं."

आम्ही माना खाली घातल्या. लाज वाटते सांगायला.

फुसाएबाई म्हणाल्या, "बाईसाहेब, तुमची मोलकरीण तर गेल्या महिन्यातच सोडून गेली ना?"

"कान फार तिखट हो तुमचे," बाईसाहेब हसल्या. "पातळ भिंतींत राहून होत असतील."

दुसऱ्या पहाटे फुसाएबाईंनी बोळाचं तोंड झाडलं, वीतभर पुढे झाडलं, आणि थांबल्याच नाहीत. कुवाबारांच्या उंबऱ्यापर्यंत झाडून वर पाणी शिंपडलं. टोफूवाला सायकल थांबवून बघत राहिला. तीन दिवस हेच. कुवाबारांकडे खराटा धरायला माणूस नाही, हे रस्ताभर झालं. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

चौथ्या पहाटे बाईसाहेब स्वतः खराटा घेऊन बाहेर आल्या. "राहू द्या, फुसाएबाई. आमचं आम्ही झाडू."

"झाडा की! बोळाचं तोंडही तुमचंच ना? मी आज हात लावला नाही."

तिथे आमचे कोबीचे देठ पडले होते. बाईसाहेब झाडत झाडत आपल्या घराच्या हद्दीच्या दगडापर्यंत आल्या. शेजारीपाजारी दारांत उभे. कुवाबारांच्या बाईसाहेब बोळातल्यांचा कचरा काढणार? त्या दगडापाशीच थांबल्या आणि तरातरा आत गेल्या.

दुपारी सुतार दार घेऊन आला. बाईसाहेबांचा खराटा कुठे थांबला, ते त्याला टोफूवाल्यानेच दाखवलं. जे झाडलं नाही ते त्यांचं नाही; सुतार दार घेऊन परत गेला.