बसलेल्या गौरी

"किल्ली हातात देऊ नका. तिथंच ठेवा, पायरीवर."

मी ठेवली. वाकून, नीट ठेवली. एवढी रीत मला होती. मालकीणबाईंनी सुनेला हाक मारली. सून तांब्या घेऊन आली आणि तिनं किल्लीवर पाणी ओतलं. वरून, धार धरून. ओघळ माझ्या चपलांपर्यंत आला. मी पाय मागे घेतले आणि म्हणालो, "सॉरी."

कुणाला म्हणालो, आजही सांगता येत नाही. बहुतेक पाण्याला.

थोड्या वेळापूर्वी याच बाई मला भाऊ म्हणत होत्या. याच किल्लीनं मी त्यांच्या मागच्या दोन खोल्या उघडून बघितल्या होत्या. किल्ली त्यांनी स्वतः माझ्या तळहातावर ठेवली होती. खोल्या बघून आलो आणि मधल्या काळात मी एकच गोष्ट केली. तोंड उघडलं.

ऐंशी सालची, दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी निफाडकडच्या खेड्यातला. नाशकात सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागलो होतो. बायको आणि मुलगी गावी. मुलगी पहिलीत जायची होती. शाळा सुरू व्हायच्या आत मला खोली पाहिजे होती. बस. एवढंच माझं काम होतं इंदिरानगरात.

इंदिरानगर नुकतंच वसत होतं. एक बंगला, मग दोन मोकळे प्लॉट, मग पुन्हा बंगला. या भागाचा दलाल म्हणजे सुधाकरशेठ. एका लाँड्रीबाहेर त्याची लोखंडी खुर्ची होती, तेच ऑफिस. तो स्वतःला इस्टेट एजंट म्हणायचा. माझं आडनाव ऐकून त्यानं डोळे बारीक केले.

"कुठले?"

"निफाड."

"ते झालं. पण कुठले?"

मी सांगितलं. आम्ही बौद्ध. तो म्हणाला, "आडनाव मोघम आहे तुमचं. नशीबवान आहात. आडनावावर निभावून नेऊ."

मला काय आनंद झाला. नशीबवान म्हणे. बापानं एवढी एक इस्टेट ठेवली होती आणि मला पत्ताच नव्हता.

त्याच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून मी इंदिरानगर बघितलं. अंगावर इस्त्रीचा शर्ट, खांद्याला पिशवी, आणि चढ आला की खाली उतरून सायकल ढकलायची. तो पुढून प्रत्येक फाटक वाचून दाखवायचा. "हे बँकवाले. मटण चालत नाही, कुत्रं चालतं. हे डॉक्टर. त्यांना फक्त त्यांच्या जातीतलेच लागतात. हे इंजिनिअर, माणूस चांगला, आई वाईट." एखादं फाटक आलं की तो नुसता पॅडल जोरात मारायचा. मी विचारायचो, "इथं नाही का खोली?" तो म्हणायचा, "आहे. तुमच्यासाठी नाही." मी मान डोलवायचो. गाईडनं किल्ला दाखवावा तसा तो माझा अपमान दाखवत होता आणि मी पाहुण्यासारखा बघत होतो.

मालकीणबाईंच्या घरी जायच्या आधी त्यानं मला तयार केलं. कपाळाला गंध लावायला लावलं. हातात नारळ दिला. "शेती विचारली तर द्राक्षं सांगा."

"आमची द्राक्षं नाहीत हो शेठ. आई दुसऱ्याच्या बागेत खुडायला जाते."

"मग खोटं कुठं आहे? द्राक्षंच ना."

तर मी ओट्यावर बसलो, गंध लावून, मांडीवर नारळ घेऊन. द्राक्षं सांगितली. चालली. मामाचं गाव सांगितलं. चाललं. बाई खूष. खोल्या बघून झाल्या, किल्ली परत द्यायच्या बेतात होतो तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "तुमच्याकडे गौरी कशा असतात हो?"

आता ज्यांच्या घरी गौरी येतात त्यांना हे पोरवयापासून ठाऊक असतं. कुणाकडे साडी नेसवून उभ्या करतात, कुणाकडे नदीचे खडे आणून पुजतात. आमच्या भागात उत्तर एवढंच, उभ्या नाहीतर खड्याच्या. पण आम्ही गावात गौरी बघितल्या त्या रस्त्यावरून, लोकांच्या पाठींच्या फटीतून. मुखवटे तेवढे दिसायचे. खाली पाय आहेत की पाट, कोण आत घेऊन दाखवणार होतं? मी विचार केला, गणपती बसतो, तर या पण बसत असतील.

"बसलेल्या," मी म्हणालो.

"बसलेल्या?"

सुधाकरशेठ खोकला. मी थांबायला पाहिजे होतं. पण मला वाटलं, बाईंना कौतुक वाटलं.

"हो ना. घरात उभं राहायला जागा कुठाय?"

मग ती पायरी, ती किल्ली, तो तांब्या.

बाहेर आल्यावर सुधाकरशेठनं मला शिव्या दिल्या. "गंध तेवढं व्यवस्थित लावलंत, तोंडाला कोण आवरणार?" मी हसलो. खरंच हसलो. कचेरीत जाऊन हा किस्सा सांगितला तर टेबलांवर हात आपटून हसले सगळे. माझी फजिती मी फार रंगवून सांगतो. पाण्याचं मात्र सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर कुणी हसलं नसतं, किंवा हसले असते. दोन्हीची मला भीती होती.

पुढच्या रविवारी सुधाकरशेठनं दुसरी खोली काढली. "इथं गौरी-बिवरी काही नाही. मालक रिटायर हेडमास्तर. त्यांना सगळं खरं सांगितलंय. पोरीला घेऊन या, त्यांना लहान मुलं आवडतात." बायको गावीच राहिली, तिला मजुरी बुडवता येत नव्हती. मी मुलीला घेऊन गेलो.

गुरुजींनी खुर्ची दिली. चहा दिला, कपात, त्यांच्यासारख्याच कपात. मी कपाकडेच बघत होतो. गुरुजी म्हणाले, "मी जात मानत नाही."

मला रडू यायचं बाकी होतं.

"पण गल्ली मानते. आणि मला गल्लीत राहायचंय. तेव्हा तसबिरी ट्रंकेत ठेवा. गावाकडच्या माणसांचा राबता नको. कुणी विचारलं तर, तुम्ही पाटील."

"हो गुरुजी," मी म्हणालो. पुन्हा म्हणालो, "हो गुरुजी." माझी मान आपोआप हलत होती.

मग त्यांनी मुलीला जवळ घेतलं. "लहान मुलंच घोळ घालतात. ये बाळ. कुणी विचारलं तुम्ही कोण, तर काय म्हणायचं? आम्ही पाटील. म्हण."

"आम्ही पाटील," मुलगी म्हणाली.

"मोठ्यानं."

"आम्ही पाटील."

"हुशार आहे." गुरुजींनी तिला लिमलेटची गोळी दिली. आणि मला, सांगायला लाज वाटते, मला अभिमान वाटला. एका दमात पाठ केलं पोरीनं. शाळा सुरू व्हायच्या आधीच तिचा पहिला धडा झाला होता आणि मी मागच्या बाकावर बसून खूष होतो.

मुलीनं गोळी गालात धरली आणि विचारलं, "आणि आजी? आजी पण पाटील?"

गुरुजी अगदी मायेनं म्हणाले, "आजीनं इकडे यायचं नाही, बाळ."

मुलीनं माझ्याकडे बघितलं. रडली नाही, काही नाही. मी पण हो म्हणतो का, एवढंच बघत होती.

मी कप खाली ठेवला.

"गुरुजी, खोली नको."

"अहो, मी तुमच्यासाठी एवढं..."

"तुम्ही गल्लीसाठी करताय. माझ्या आईला न विचारता तिला मारून टाकलंत तुम्ही आत्ता, माझ्या पोरीच्या तोंडानं." मुलीला म्हणालो, "थुंक ती गोळी." तिनं थुंकली. गुरुजींच्या फरशीवर. मी पुसली नाही.

सुधाकरशेठ फाटकापर्यंत मागे आला. "सोन्यासारखी खोली घालवलीत. आता इंदिरानगरात तुम्हाला कोण उभं करतं तेच बघतो."

"बघा," मी म्हणालो. "इथंच उभं राहून बघा."

शेजारच्या फाटकाची कडी वाजवली. एक गृहस्थ बाहेर आले.

"नमस्कार. आम्ही बौद्ध आहोत. खोली भाड्यानं द्यायची आहे का?"

ते गोंधळले. "असं दारात येऊन कुणी सांगतं का?"

"मी सांगतो. खोली आहे का?"

"नाही."

"नाही, की आम्हाला नाही?"

दार बंद झालं. पुढचं फाटक. त्याच्या पुढचं. सायकलवरून जी घरं त्यानं झपाट्यानं मागे टाकली होती, तिथंही गेलो. दलालानं दाखवलं ते इंदिरानगर वेगळं होतं. हे खरं. त्या दिवशी खोली मिळाली नाही. त्या जूनमध्येही मिळाली नाही. मुलगी गावच्याच शाळेत बसली.

मी दर रविवारी जातो. आधी आम्ही कोण ते सांगतो, मग खोली विचारतो. दलाल नाही, गंध नाही, मोघम आडनाव नाही. ज्याला नाही म्हणायचंय त्यानं माझ्या तोंडाकडे बघून, कारणासकट म्हणावं. ते मी पूर्ण ऐकल्याशिवाय फाटकातून हलत नाही. घर मिळेल तेव्हा माझी आई समोरच्या दारानं आत येईल, आणि ती कोण आहे हे गल्लीनं विचारायच्या आत माझी मुलगी मोठ्यानं सांगेल.