व्हर्लीनमावशीच्या घरची माणसं

अलाबामातल्या त्या खानावळीत तळलेली कोंबडी खायला रविवारी चर्च सुटलं की झुंबड उडायची. पलीकडच्या चर्चच्या मेथडिस्ट पंथवाल्यांच्या आधी पोचायचं, हा बॅप्टिस्ट पंथवाल्यांचा खरा धर्म. व्हर्लीनमावशी बॅप्टिस्ट. तिचे गुडघे कामातून गेले होते, जीभ मात्र शाबूत होती. ती चाकांच्या खुर्चीत दिसताच मालकीण दारातून ओरडली, "मावशी, तुम्ही आधी आत या! तुमच्याबरोबर कोण कोण आहे?"

रांगेतल्या झाडून साऱ्या बॅप्टिस्टांनी हात वर केले. पाद्रीबाबा तर खुर्ची ढकलायलाच धावले. "आपण सगळे एकाच घरचे ना, मावशी!"

"हो का?" मावशी खेकसली. "मग माझ्या ऑपरेशननंतर ज्यांनी घरी जेवण आणून दिलं, त्यांनीच हात वर ठेवा."

हात भराभर खाली आले. पाद्रीबाबा पुटपुटले, "आम्ही प्रार्थना तर केली होती!"

"मग आज तीच जेवा."

रांगेच्या पार शेवटी एकच हात भीतभीत वर गेला. तो मेथडिस्टांच्या लुएलाचा होता. तिचं नि मावशीचं कधीच पटलं नव्हतं.

मावशीने तिच्याकडे रोखून पाहिलं. "तुझी भाजी खारट होती," ती म्हणाली. "ये, ढकल मला."