लीलाबाईनं फ्लेक्स का फाडला

आमच्या विश्रामबागेतल्या गल्लीत लीलाबाईची ओळख एवढीच उरली आहे: मेलेल्या नवऱ्याचा फोटो विळ्यानं फाडणारी बाई. ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मी तिची शेजारीण. का फाडला, ते मला विचारा.

तिचे मालक दादासो फौजेतून निवृत्त झालेले. लकव्यानं त्यांची डावी बाजू गेली. रोज चाललात तर पायात बळ येईल, असं डॉक्टर म्हणाले. मग लीलाबाई त्यांना दंडाला धरून रोज सकाळी चौकापर्यंत चालवायची. त्याच सुमारास रस्त्याकडेनं नवा फुटपाथ झाला. पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते तिनं.

पण मोकळी जागा दिसली की आपल्याकडे लोकांचे हात शिवशिवतात. चौकात मंडळानं फुटपाथवरच लोखंडी सांगाडा उभा केला. त्यावर बारा महिने कुठल्या ना कुठल्या दादाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. आणि मंडळाचा अध्यक्ष कोण? लीलाबाईचाच पुतण्या, ऋषिराज. दादासोंना तो तात्या म्हणायचा.

"ऋषी, काढ की रं त्यो सांगाडा. तुझ्या तात्यांना रस्त्यावर उतराय लागतंय."

"काकी, वाढदिवस झाला की काढतो."

एकाचा झाला की दुसऱ्याचा. शेवटी तिनं महापालिकेत अर्ज दिला, तर भावकीनं तिलाच झोडपलं. घरच्या पोराची तक्रार करते म्हणे! सांगाडा जागचा हलला नाही.

ऐन गळिताच्या हंगामात, एका सकाळी दोघं फ्लेक्सला वळसा घालायला खाली उतरली. उसाच्या ट्रॅक्टरची मागची ट्रॉली दादासोंना घासून गेली. लीलाबाईच्या हातातून त्यांचा दंड सुटला. दादासो जागीच गेले.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आम्ही परतलो, तर त्याच सांगाड्यावर नवा फ्लेक्स. गणवेशातले दादासो, 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि खाली हात जोडलेली मंडळाची पोरं. शेजारी ऋषिराज ढसाढसा रडत उभा. ते रडणं खरं होतं, म्हणून तर मला जास्त चीड आली. एवढी माया होती, तर फुटपाथ का नाही सोडला?

लीलाबाईनं घरातून विळा आणला आणि फ्लेक्स मधोमध फाडला.

"काकी, तात्यांचा फोटो हाय त्यो! मान दिला मी त्यांना!"

"त्यांना मान नगं हुता रं," ती ओरडली. "चालायला वाट पायजे हुती!"

त्याच दुपारी ऋषिराजनं सांगाडा स्वतः उपटून नेला.

लीलाबाई अजूनही रोज सकाळी चौकापर्यंत जाते, एकटीच. फुटपाथ आता अगदी मोकळा आहे.