वैशाखात फुगलेली संदूक

मुलीचं लातूरचं घर पुरं होत आलं तेव्हा मी तिला फोनवर विचारलं, "घरभरणीला काय करून देऊ?"

मला वाटलं, देव्हारा मागेल, नाहीतर झोका. नांदेडच्या एसटी वर्कशॉपमध्ये मी तीस वर्षं सुतारकाम केलं. निवृत्त झाल्यापासून रंधा हातात धरायला निमित्तच शोधत होतो.

ती म्हणाली, "संदूक करा अप्पा. कुलूप लागणारी."

मागून जावयाचा आवाज आला, "लई छान, मामा. जुन्या पद्धतीची करा." तिचा फोन हल्ली कायम स्पीकरवरच असायचा. आम्ही त्याला प्रेम समजत होतो. लग्नाला तीन वर्षं झाली होती. आधी ती लातूरच्या एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायची. बांधकामाकडं लक्ष द्यायला घरचं माणूस लागतं म्हणून तिनं ते सोडलं होतं. म्हणजे आम्हाला तसं सांगण्यात आलं होतं.

चार दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. मुलगीच होती, पण आवाज दाबलेला.

"अप्पा, हा फोन बांधकामावरच्या मावशीचा हाय. यावर परत लावू नका. संदुकीच्या तळाला चोरकप्पा करता येईल का?"

"येईल की. केवढा?"

"घडी न घालता कागद मावतील एवढा. वरून कळता कामा नये. कुणालाच."

"कुणालाच म्हणजे?"

मागून एक बाई घाईनं म्हणाली, "आले बघा साहेब," आणि फोन बंद झाला.

मी बायकोला सांगितलं. ती ज्वारी निवडत बसली होती. तिनं वर पाहिलं नाही. "ती सांगते तशीच करा," एवढंच म्हणाली. मी मनाची समजूत घातली, बाईमाणसाचं आपलं असं काही असावं, दागिने ठेवत असेल. पण दागिन्यांना घडी घालत नाहीत, हे मलाही कळत होतं.

संदूक कुठं ठेवणार ते बघून माप घ्यावं म्हणून मी लातूरला गेलो. जावयानं स्टँडवर गाडी पाठवली, चहा-नाश्ता केला, सगळं घर फिरून दाखवलं. प्लॉटिंगच्या धंद्यातला माणूस, बोलायला गोड. मुलगी आमच्या मागं मागं चालत होती. मी तिला काही विचारलं की उत्तर तो द्यायचा.

"तब्येत उतरली का गं तुझी?"

"उन्हानं हो, मामा. बाकी काही न्हाई."

वरच्या मजल्यावर त्यांची झोपायची खोली होती. मी टेप धरून कोपरा मोजत होतो. सुताराची नजर दारावर जातेच. दार चांगलं होतं, सांधे घट्ट होते. पण कडी बाहेरून होती. आतल्या अंगाला कडी नव्हती आणि कधी बसवली होती असं दाखवणारी स्क्रूची भोकंही नव्हती.

"ही कडी उलटी लागली काय?" मी हसत विचारलं.

जावईही हसला. "कारागीर असेच, मामा. बदलून घेतो."

मुलगी खिडकीकडं बघत होती. तिच्या हातातलं माझ्या टेपचं दुसरं टोक सुटलं, म्हणून माप दोनदा घ्यावं लागलं. मी त्या दिवशी तिथंच काही बोललो नाही. पाहुण्यासारखा जेवलो आणि संध्याकाळच्या बसनं परत आलो. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, तरी ती कडी माझ्या डोळ्यांपुढून हलली नाही.

मग मी कामाला लागलो. माहूरकडचं जुनं सागवान माझ्याजवळ होतं, दहा वर्षं माळ्यावर सुकलेलं. अंगणात पत्र्याच्या सावलीला बसून फळ्या रंधल्या, कोपऱ्यांना खाचा पाडून फळ्या एकमेकींत बसवल्या. एक खिळा वापरला नाही. तळ दुहेरी केला. समोरची खालची पट्टी बाहेरूनच, कुलूप न काढता, डाव्या बाजूला दाबली की बोटभर सरकायची आणि मधला कप्पा उघडायचा. मापासाठी कागद हवा होता, तर बायकोनं कपाटातून मुलीची दहावीची गुणपत्रिका आणून माझ्यापुढं ठेवली.

"याच्या मापानं करा."

मी तिच्याकडं बघितलं. "तुला काही बोलली का ती?"

"मला बोलायची गरज न्हाई. तिचे सगळे कागद त्याच्या कपाटात हायत, हे मला दिवाळीलाच दिसलं होतं."

"मग तेव्हा का सांगितलं न्हाईस?"

"तुम्ही काय केलं असतं?"

मी पुन्हा पटाशी उचलली. आयुष्यात एवढं नेमकं काम मी केलं नव्हतं, आणि त्यात मला रतीभरही आनंद नव्हता.

पाडव्यानंतर घरभरणी झाली. मांडव, होमाचा धूर, चारशे माणसांचं जेवण. संदूक हॉलमध्ये ठेवली तेव्हा बायका हात फिरवून बघत होत्या. जावयानं झाकण उघडलं, बंद केलं. मग गुडघे टेकून त्यानं आत हात घातला आणि तळावर बोटानं ठकठक केली.

"तळ लई जाड ठेवला, मामा."

"जड सामान ठेवायचं तर जाडच लागतो," मी म्हणालो.

त्यानं पुन्हा एकदा ठोकून बघितलं. तेवढ्यात कुणीतरी त्याला जेवणाच्या पंगतीकडं बोलावलं. उठताना त्यानं कुलपाच्या दोन्ही चाव्या माझ्या हातातून घेतल्या आणि स्वतःच्या जुडग्यात अडकवल्या. पाणी द्यायला आलेल्या मुलीला मी पुटपुटत सांगितलं, "खालची पट्टी, डावीकडं." तिनं मान हलवली नाही. तांब्या घेऊन गेली. दुपारी पाहुण्यांच्या गर्दीत तिनं जावयाच्या उघड्या कपाटातून काय काढलं आणि केव्हा, ते मला पुढं कळलं.

त्यानंतर तीन आठवडे फोन नाही. आम्ही लावला की जावई उचलायचा. ती न्हायला गेली, ती झोपली, ती देवळात गेली. बायकोनं जेवण कमी केलं. मी अंगणात बसून नुसत्याच फळ्या रंधायचो, भुशाचा ढीग व्हायचा.

वैशाखातल्या एका सकाळी फोन आला. स्पीकरवर.

"अप्पा, संदूक फुगली बघा. झाकण बसंना. येऊन दुरुस्तीला न्या."

मागून जावई म्हणाला, "नवीनच वस्तू अन् फुगली?"

बाहेर ऊन असं की चिमण्या मातीत चोची वासून बसल्या होत्या. लाकूड पावसाळ्यात फुगतं. वैशाखात ते आटतं, त्याला चिरा पडतात, पण फुगत नाही. सुताराच्या मुलीला हे लहानपणापासून माहीत.

"फुगते, फुगते," मी म्हणालो. "ओलं निघालं असंल लाकूड. माझीच चूक. उद्या टेंपो घेऊन येतो."

वर्कशॉपमधल्या एका जुन्या मित्राचा टेंपो होता. तो स्वतः चालवायला आला. बायको न विचारता पुढं बसली.

जावई घरीच होता. त्यानं संदूक आमच्यादेखत रिकामी केली, आत बाहेर न्याहाळली, झाकण दाबून बघितलं. मुलीनं झाकणाच्या मागं बिजागरीच्या फटीत पातळ चिंधी कोंबली होती, म्हणून ते खरंच बसत नव्हतं. मी कडेनं उभा राहून ती चिंधी मुठीत घेतली. मी आणि मित्रानं संदूक उचलून टेंपोत चढवली. आतून काही सरकल्याचा आवाज आला नाही. तिनं कागद कापडात घट्ट बांधून बसवले होते.

माझा विचार एवढाच होता, की आधी कागद न्यावेत, मग बघू. बायकोचा तसा नव्हता. ती स्वयंपाकघरात गेली आणि मुलीचा हात धरून बाहेर आली. मुलीच्या पायात चप्पलसुद्धा नव्हती.

"हिला चार दिवस नेतो," बायको म्हणाली.

जावई गेटात आडवा उभा राहिला. आवाज तसाच गोड. "अशी कशी, माय? पुढच्या आठवड्यात मीच आणून सोडतो."

"मी विचारून राहिले न्हाई. सांगून राहिले."

त्यानं मुलीकडं बघितलं. "तू जाणार हायेस?"

तिनं खाली बघत आईचा हात घट्ट धरला. गल्लीत समोरच्या ओट्यावर दोन म्हातारे बसले होते, ते उठून उभे राहिले. त्यांच्याकडं नजर जाताच जावयानं गेटवरचा हात काढला. मुलगी माझ्या अंगाला घासून टेंपोत चढली.

"जा," तो म्हणाला. "मला नांदेडचा रस्ता माहीत हाय."

चाकूर येईपर्यंत मित्र सारखा आरशात बघत होता. एक पांढरी गाडी बराच वेळ मागं होती, मग वळली. ती त्याची होती की नव्हती, ठाऊक नाही. घरी आल्यावर मुलीनं स्वतः पट्टी सरकवली. पदवीची प्रमाणपत्रं, आधार कार्ड, बँकेचं पुस्तक. सगळं जमिनीवर मांडून ती एकेक कागद मोजत राहिली आणि मोजणं संपल्यावर आईच्या मांडीवर डोकं ठेवून पहिल्यांदा रडली. काय काय सोसलं ते तिनं पुढं महिनाभरात तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. ते मी इथं लिहिणार नाही, ते तिचं आहे.

आता ती नांदेडच्या एका क्लासमध्ये शिकवते. तो दोनदा येऊन गेला. एकदा दाराशी, हात जोडून. एकदा क्लासच्या समोर, रस्त्यापलीकडं, नुसता उभा. पोलिसांत लिहून दिलंय, सोडचिठ्ठीसाठी वकील लावलाय. वकील म्हणतात वेळ लागेल, घाबरू नका. घाबरू नका म्हणणं त्यांना सोपं आहे.

उद्या लातूरच्या कोर्टात पहिली तारीख आहे. बायकोनं दशम्या बांधल्यात. मुलगी म्हणते, "मी त्याच्याकडं बघून बोलणार हाय, अप्पा. तुम्ही फक्त मागं बसा." मी हो म्हणालो आहे. सकाळच्या बसची तीन तिकिटं माझ्या खिशात आहेत.