इंजिन नसलेली अँब्युलन्स

इस्त्रीवालीला नावं ठेवायची असतील तर आधी तिचं घर बघून या. नवरा गेला, पाठोपाठ भाड्याची खोली गेली, तेव्हा भंगारवाल्या भावानं तिला एक जुनी अँब्युलन्स दिली. इंजिन नाही, चाकांच्या जागी विटा. पुढच्या सीटवर लोकांच्या कपड्यांची गाठोडी, मागे सासूची खाट. खाट कसली, गाडीतलंच चाकांचं स्ट्रेचर. सासूची कंबर कामातून गेलेली, जमिनीवर टेकली की उठणं नाही. तोंड मात्र ठणठणीत.

"मागच्या दारावरचा लाल क्रॉस खरवडून टाक," भाऊ सांगून दमला.

"रंग निघाला की पत्रा गंजतो," म्हणत तिनं चालढकल केली. तीच नडली.

भर दुपारी एक रंगारी धावत आला. त्याचा धाकटा भाऊ परांचीवरून पडला होता, तिथंच कोपऱ्यावर. "ताई, गाडी काढा! लवकर!"

"अहो, हिला इंजिनच नाही."

"मग हे कशाला मिरवता?" क्रॉसवर मूठ आपटून तो रडायलाच लागला.

इस्त्रीवालीची नजर स्ट्रेचरवर गेली. तिनं ती पटकन फिरवली, पण सासूनं पकडलीच.

"तोंड काय बघतेस? उतरव मला! मी कुठं पळून चाललेय?"

सासूला खाली ठेवून, पोराला स्ट्रेचरवर घालून इस्त्रीवाली आणि रंगारी रस्त्यातून पळत सुटले. दवाखान्यात पोरगा आत गेला, मागोमाग रंगारी. पोरगा वाचला. स्ट्रेचर मात्र वॉचमननं धरून ठेवलं. दांड्यावर त्याच दवाखान्याचा पुसट शिक्का होता.

"आमचंच आहे हे. कुठून चोरलंस?"

"भंगारात निघालं होतं, दादा. घरी म्हातारी खाली पडलीये."

ऐकतो कोण! बाजू घ्यायला रंगारीही नव्हता.

परत आली ती सुरी घेऊन थेट क्रॉसवर तुटून पडली. आतून कण्हत सासू म्हणाली, "खरवड, खरवड. उद्या कोणी मरायला टेकलेला आला तर म्हणता येईल, ते आम्ही नव्हेच."

सुरी थांबली. इस्त्रीवालीनं दार हलवून बघितलं. "बिजागरी ढिली आहे, आत्याबाई. दार निघेल. माणूस मावेल यावर."

"मग आधी मला झोपव. बघू तरी पेलतंय का."

तिनं दार उपसलं, आत चार उरलेल्या विटांवर आडवं टाकलं, वर गोधडी घातली आणि सासूला काखेत धरून चढवलं. दाराच्या जागी नुसतं भगदाड. वारा सरळ आत.

"चोर शिरला तर?"

"नेईल काय, मला?" सासू म्हणाली. "नेऊ दे. चार दिवसांत आणून सोडेल."

इस्त्रीवाली हसली नाही. गाठोड्यातल्या लोकांच्या चादरी तिनं भगदाडावर टांगायला घेतल्या. सकाळी परत इस्त्री करावी लागणार होती.